ग्रासकटरची दोरी हलत नाही: इंजिन खरंच जाम झालंय का, हे घरीच कसं शोधायचं

"दादा, मशीन जाम झाली. दोरीच येत नाय." बाग बेणायला माणसं लावली की हंगामात हे एकदा तरी कानावर पडतंच. मग मशीन रिक्षात पडते, तालुक्याच्या दुकानात जाते, आणि दोन दिवसांनी फोन येतो की ब्लॉक-पिस्टन गेलं, किट टाकावं लागेल.

कधी ते खरंही असतं. पण दोरी न येणं आणि पिस्टन ब्लॉकमध्ये (सिलिंडरमध्ये) धरणं, म्हणजे अडकून बसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोरी आणि पिस्टनच्या मध्ये स्टार्टर आहे, क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) आहे, दुसऱ्या टोकाला मॅग्नेट (चुंबक बसवलेलं पंख्याचं चाक), ठिणगीची कॉइल आणि क्लच आहे. यातलं काहीही अडकलं तरी हाताला तेच जाणवतं: दोरी घट्ट. म्हणून बाहेरून आत जायचं. एकेक भाग वेगळा करायचा आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा, आता फिरतंय का? जिथे फिरायला लागेल तिथे दोष सापडला. ब्लॉकला हात सगळ्यात शेवटी.

इथे मी मुख्यतः आपल्याकडे आंब्या-काजूच्या बागांत सर्रास दिसणाऱ्या टू-स्ट्रोक ग्रासकटरबद्दल लिहितोय, म्हणजे ४३ किंवा ५२ सीसीचं इंजिन. यात तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालायचं असतं. बऱ्याच मशीनवर पट्टीला १ई४०एफ-५ किंवा १ई४४एफ-५ असा नंबर असतो. त्यातले ४० आणि ४४ हे बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे, मिलिमीटर. पुढे किट घ्यायची वेळ आली तर दुकानदाराला मशीनची कंपनी सांगण्यापेक्षा हा नंबर सांगितलेला बरा, कारण एकाच प्रकारचं इंजिन वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं. फोर-स्ट्रोक आणि बंगल्यातल्या लॉन मॉवरचं वेगळं असं जे आहे, ते शेवटाकडे.

मशीन उघडण्याआधी माणसाला विचारा

शेवटचं मशीन कोण चालवत होतं आणि ते बंद कसं पडलं, हे ओरडा न करता विचारा. ओरडलात की खरं उत्तर मिळत नाही, आणि इथे अर्धं निदान उत्तरातच असतं.

चालता चालता आवाज एकदम चढला, मग ओढ कमी झाली आणि "घुर्र" करून थांबली, तर पिस्टन धरल्याची शक्यता जास्त. तेल कमी पडलं किंवा इंजिनाला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त मिळाली की असं होतं. "खाट" असा आवाज होऊन जागीच बंद पडली, तर रिंग, पिस्टनच्या पिनचं (गजन पिन) लॉक किंवा कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग तुटलेलं असू शकतं. आषाढात चांगली चालत होती, मांगरात (बागेतल्या खोपीत) ठेवली आणि दसऱ्यानंतर काढली तर हलेना, तर गंज, सिलिंडरमध्ये उतरलेलं पेट्रोल किंवा एखाद्या किड्याचं घर. दोरी निम्मी बाहेर येऊन अडकली आणि परत जातच नाही, तर बहुतेक वेळा इंजिनाचा काही संबंध नसतो, स्टार्टर बिघडलेला असतो. तारेत, वेलीत किंवा दगडावर पातं बसल्यावर बंद पडली असेल तर आधी खालचं गिअर हेड (पात्याजवळची गिअरची डबी) बघा.

दोन प्रश्न मुद्दाम विचारा. शेवटचं पेट्रोल कुठून भरलं? आणि बंद पडल्यावर दोरी किती वेळा ओढली? पहिल्या प्रश्नाला "मोटरसायकलमधलं काढून घातलं" हे उत्तर आलं, म्हणजे त्यात तेलच नव्हतं, तर पुढचं बरंचसं तिथेच कळलं.

हाताशी काय हवं

मशीनबरोबर आलेला टी-आकाराचा प्लग पाना, ४ आणि ५ मिमीच्या एलन की, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, सुती फडकं, टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल), एक लाकडी काडी (आइस्क्रीमची चालेल) आणि काढलेले बोल्ट ठेवायला ताटली. मोबाइलला जोडायचा बारीक नळीचा कॅमेरा मिळतो. तो असेल तर उत्तम, नसेल तर टॉर्चवर भागतं.

आधी पातं काढा. टाकी पूर्ण रिकामी करा, पण ते पेट्रोल फेकू नका. स्वच्छ, पारदर्शक बाटलीत झाकण लावून ठेवा, ते आपला पुरावा आहे. मशीन गार झालेली असू द्या, काम उघड्यावर करा आणि आसपास विडी-सिगारेट नको. प्लगची टोपी काढून बाजूला वळवून ठेवा, स्विच बंदवर.

आणखी एक, हे सगळ्यात महत्त्वाचं. कारण सापडेपर्यंत जोर लावायचा नाही. दोघांनी मिळून दोरी खेचणं, मॅग्नेटच्या पंखांवर हातोडी मारणं, प्लगच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून पिस्टन खाली ढकलणं, या तिन्ही गोष्टींनी दुरुस्त होण्यासारखं इंजिन भंगारात जातं.

पहिली पायरी: प्लग काढा आणि दोरी ओढा

प्लग काढायला दोन मिनिटं लागतात आणि बरीच मशीन इथेच सुटतात. सिलिंडरमध्ये पेट्रोल, पाणी किंवा तेल साचलं असेल तर पिस्टन वर जाऊ शकत नाही, कारण द्रव दाबला जात नाही. हाताला ते अगदी जाम झाल्यासारखंच लागतं. फरक एवढाच की अशा वेळी दोरी थोडी येते आणि दर वेळी त्याच जागी थांबते. पिस्टन धरला असेल तर ती मुळातच येत नाही.

प्लग काढल्यावर भोकावर फडकं धरा, तोंड बाजूला ठेवा आणि दोरी हळू ओढा. फडक्यावर पेट्रोलची पिचकारी आली आणि दोरी मोकळी झाली, तर इंजिन जाम नव्हतंच. मशीन उलटी करून भोकातून सगळं गळू द्या, दोरी सावकाश काही वेळा ओढा, प्लग पुसून वाळवा. मात्र पेट्रोल आत का उतरलं हे बघावं लागेल. बहुधा कार्बोरेटरची सुई नीट बसत नसते, नाहीतर मशीन भरल्या टाकीने आडवी पडून राहिलेली असते.

आलेलं पाणी गढूळ असेल तर प्रकरण वेगळं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तसं घर-दुकान पाण्याखाली गेलं, की यंत्राच्या आत फक्त पाणी नाही, बारीक गाळही जातो. पुरात बुडालेल्या मशीनची दोरी एकदाही ओढू नका. तो गाळ रिंगांत आणि बेअरिंगमध्ये गेला की सँडपेपरचं काम करतो. अशी मशीन सरळ खोलून धुवायची, आणि जितक्या लवकर तितकं बरं, कारण पाणी निघून गेल्यावर एक-दोन दिवसांतच बेअरिंगवर गंज धरायला लागतो.

काढलेला प्लगही बघून घ्या. टोक विटकरी-तपकिरी असेल तर हवा-पेट्रोलचं प्रमाण ठीक होतं. पांढुरकं, कोरडं असेल तर इंजिन तापत होतं. टोकावर चंदेरी कण चिकटलेले दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, आणि मग बातमी वाईट आहे.

प्लग काढूनही दोरी हलत नसेल, तर पुढे.

दुसरी पायरी: स्टार्टर बाजूला करा

दोरीचा डबा बहुतेक मशीनवर चार स्क्रूंनी बसवलेला असतो. तो काढा आणि हातातच दोरी ओढून बघा. डब्यातच अडकत असेल तर स्प्रिंग तुटलेली आहे, दोरी पुलीच्या बाजूला घसरून रुतली आहे किंवा पुली फुटली आहे. हे किरकोळ काम, पूर्ण स्टार्टरही तयार मिळतो.

डबा खोलताना मात्र जपा. आतली स्प्रिंग गुंडाळून ताणलेली असते, ती उसळली तर हात कापते. खोलायचंच असेल तर हातमोजे आणि चष्मा घाला, नाहीतर तो डबा तसाच बदला.

आता क्रँकच्या टोकाला बसवलेली छोटी पुली उघडी दिसेल. दोरी ज्या दिशेने ती फिरवते त्याच दिशेने हाताने फिरवा. उलट्या दिशेने जोर लावला तर काही मशीनवर ती सुटून येते. प्लग काढलेला आहे, म्हणजे दाबाचा अडथळा नाही; चांगलं इंजिन इथे दोन बोटांनी फिरतं. फिरलं तर दोष स्टार्टरमध्ये होता, काम संपलं.

तिसरी पायरी: पाईपपासून इंजिन सोडवा

नाही फिरलं तर इंजिन आणि लांब पाईप यांना जोडणारे बोल्ट काढा, साधारण चार एलन बोल्ट असतात. ॲक्सिलरेटरची वायर आणि स्विचच्या दोन वायरी सोडवताना आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

ग्रासकटरमध्ये क्लच सेंट्रिफ्युगल असतो. इंजिन वेगात आल्यावरच क्लचचे दोन शू बाहेर फाकतात आणि ड्रम धरतात. म्हणजे खालचं गिअर हेड जाम असलं तरी दोरी यायला हवी. पण शूची स्प्रिंग तुटली असेल, तर शू कायम ड्रमला टेकलेला राहतो आणि पात्याचा जाम थेट दोरीपर्यंत येतो. इंजिन वेगळं केल्यावर ते मोकळं फिरलं, तर दोष क्लच, आतला शाफ्ट किंवा गिअर हेडमध्ये. गिअर हेडला ग्रीस भरायचा छोटा बोल्ट असतो. तिथे ग्रीस वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. मग आतलं बेअरिंग फुटतं आणि दोष इंजिनावर जातो.

क्लच उघडा झालेलाच आहे तर त्याच्यामागचा मॅग्नेट नीट बघा. मॅग्नेट आणि कॉइल यांच्यात साधारण ०.३ मिमी फट असते, एक जाडसर व्हिजिटिंग कार्ड जाईल इतकी. कंपनाने कॉइलचा स्क्रू ढिला झाला की चुंबक कॉइलला स्वतःकडे ओढून घेतं आणि मॅग्नेट तिथेच घासून अडतो. मॅग्नेटच्या कडेला चकचकीत घासल्याची खूण दिसली तर हेच. कॉइल सैल करा, फटीत कार्ड घाला, कॉइल चुंबकाला टेकू द्या, स्क्रू आवळा, कार्ड काढून घ्या.

पावसाळाभर पडून राहिलेल्या मशीनच्या पंख्याच्या कव्हरात कुंभारमाशीचं मातीचं घर हमखास सापडतं. ते सुकलं की सिमेंटसारखं घट्ट होतं. उंदरांनी आणून ठेवलेलं गवत, निसटलेला एखादा स्क्रू, असलं काहीही मॅग्नेट अडवू शकतं. कव्हर उघडलंच आहे तर ब्लॉकच्या पंखांमधली तेलकट कुसळंही साफ करा. त्या पंखांमधून वारा गेला नाही तर इंजिन तापतं, आणि पुढच्या पायरीत जे दिसणार आहे त्याचं ते एक मोठं कारण आहे.

चौथी पायरी: सायलेन्सर काढून आत डोकवा

इथवर येऊनही क्रँक हलत नसेल, तर अडथळा ब्लॉकच्या आत किंवा क्रँककेसमध्ये (क्रँकच्या पेटीत) आहे. तरी ब्लॉक उतरवू नका. टू-स्ट्रोकची मोठी सोय म्हणजे सायलेन्सरचे दोन बोल्ट काढले की एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन आणि सिलिंडर सरळ दिसतात.

टॉर्च तिरका धरा. चांगला पिस्टन मळकट रुपेरी दिसतो आणि त्यावर आडव्या बारीक रेघा असतात, त्या कारखान्यात लेथवर पडलेल्या. रिंगेची कड चमकते. लाकडी काडीने रिंग हळूच आत दाबली तर ती दबते आणि काडी काढली की परत बाहेर येते. असं सगळं दिसत असेल तर वरचा भाग ठीक आहे आणि संशय खाली बेअरिंगकडे जातो.

धरलेला पिस्टन पाहिल्याबरोबर कळतो. त्यावर उभे ओरखडे असतात, ॲल्युमिनियम वितळून वरून खाली फासल्यासारखं दिसतं, आणि ते फासलेलं रिंगेवरूनही गेलेलं असतं. काडीने दाबून रिंग हलत नाही. आता लगेच एअर फिल्टर, कार्बोरेटर आणि त्यामागचा काळा ठोकळा काढून दुसऱ्या बाजूनेही बघा. ओरखडे कुठे आहेत यावरून कारण कळतं, आणि हे कारण शोधणं पिस्टन बदलण्याहूनही महत्त्वाचं आहे.

दोन्ही बाजूंना, चहूकडून ओरखडे असतील, तर तेल मिळालेलं नाही. साधं पेट्रोल भरलं गेलं, किंवा पेट्रोल-तेलाचं मिश्रण फुटलं (कसं, ते पुढे).

फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे आणि कार्बोरेटरची बाजू स्वच्छ, तर तेल होतं पण इंजिन तापलं. कुठून तरी जादा हवा जात होती: पेट्रोलची नळी तडकली, कार्बोरेटरचे बोल्ट ढिले झाले, पॅकिंग फाटलं, क्रँकचं ऑइल सील गेलं. कार्बोरेटरच्या स्क्रूशी कोणी "जोर वाढवायला" खेळलं असेल तरी हाच परिणाम. पंखांमध्ये कचरा किंवा सायलेन्सर काजळीने बुजलेला असेल तरीही.

फक्त कार्बोरेटरच्या बाजूला पिस्टन करडा, घासून गुळगुळीत, आडव्या रेघा पुसलेल्या, तर धूळ आत गेली. एअर फिल्टरचा स्पंज बघा. बहुधा फाटलेला असतो, नाहीतर नसतोच.

एकच खोल उभी रेघ असेल तर काहीतरी सुटं अडकलं: काजळीचा खडा, तुटलेली रिंग किंवा गजन पिनचं लॉक. रेघ पिनच्या रेषेत असेल तर लॉकच.

तांबूस-तपकिरी थर आणि कडेला गंजाची रेष, पण ओरखडे नाहीत, तर ओल. यातलं हे सगळ्यात बरं निदान, कारण असं इंजिन बऱ्याचदा सुटतं.

बाटलीतलं पेट्रोल काय सांगतं

बाजूला ठेवलेली बाटली आता घ्या. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि शेजारी स्कूटरमधल्या साध्या पेट्रोलचा एक थेंब. दोन्ही उडून जाऊ द्या. साधं पेट्रोल जवळजवळ डाग ठेवत नाही. तेल मिसळलेलं असेल तर कागदावर तेलकट, अर्धपारदर्शक ठिपका राहतो. ठिपका नाही म्हणजे तेल नव्हतं, आणि आता वाद घालण्यात अर्थ नाही.

मग बाटली न हलवता उजेडात धरा. तळाशी वेगळा थर दिसतोय का? फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. कोकणातल्या दमट हवेत, अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये महिनोन् महिने पेट्रोल राहिलं आणि त्यात पुरेसं पाणी गेलं, की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतला फिल्टर तर तळाशी लोळत असतो, तो हा खालचा तेलाविनाचा थर आधी ओढतो. म्हणजे माणसाने प्रामाणिकपणे तेल मिसळलेलं असूनही पिस्टनला ते मिळत नाही. मिश्रण लागेल तेवढंच करा, आणि उरलं तर पुढच्या हंगामासाठी ठेवू नका.

प्रमाणाबद्दल दर वर्षी तेच बोलणं होतं. १ लिटरला ४० मिली तेल म्हणजे २५:१, २० मिली म्हणजे ५०:१. तुमच्या मशीनच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच धरा. मापाची बाटली वापरा, झाकणाचा अंदाज नको. "थोडं जास्त तेल घातलं तर बरंच" हेही खरं नाही. जादा तेलाने सायलेन्सर आणि एक्झॉस्टचं भोक काजळीने भरतं आणि इंजिन तापतं. मिश्रणाच्या कॅनवर लाल रंगाने मोठ्या अक्षरांत लिहा आणि मोटरसायकलच्या कॅनपासून लांब ठेवा.

गंजाने धरलेलं इंजिन सोडवणं

हे फक्त गंज दिसला, ओरखडे नाहीत, अशा वेळी करायचं. प्लगच्या भोकातून आणि एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टनच्या कडेला डिझेल आणि टू-टी ऑइल सारख्या प्रमाणात मिसळून सोडा. गंज सोडवायचा स्प्रे असेल तर तो वापरा. पिस्टनवर थोडं साचेल इतकं पुरे. मशीन अशी टेकवून ठेवा की तेल पिस्टनच्या माथ्यावर उभं राहील. एक रात्र किमान, दोन रात्री चांगल्या.

नंतर क्रँकवर पाना लावून पुढे अगदी थोडं, मागे अगदी थोडं असं झुलवा. मागे झुलवताना नट सैल होतोय असं वाटलं तर तिथेच थांबा. हलायला लागलं की पुन्हा तेल सोडा आणि हळूहळू वाव वाढवा. एकदम पूर्ण फेरा मारायची घाई केली तर गंजलेली रिंग एक्झॉस्टच्या कडेत अडकून मोडते. हाताच्या जोराने हलत नसेल तर परत तेल, परत एक रात्र. पान्याला पाईप लावून लांबी वाढवायची नाही.

मोकळं फिरलं की आतलं तेल-डिझेल उलटं करून काढून टाका. मशीन सुरू करण्याआधी पुन्हा एक्झॉस्टमधून भिंत बघा. गंजाचे खड्डे पडले असतील तर मशीन सुरू होईल, पण रिंगा लवकर खाईल.

चालता चालता धरलेलं टू-स्ट्रोक इंजिन गार झाल्यावर पुष्कळदा आपोआप सुटतं, हाही एक धोकाच आहे. दोरी यायला लागली की माणसं खूश होऊन परत कामाला लागतात. दुसऱ्यांदा धरलं की ब्लॉकही जातो. एकदा धरलेलं इंजिन सुटलं तरी सायलेन्सर काढून बघितल्याशिवाय चालू करू नका.

ब्लॉक उतरवायचा तर

निदान इथवर पक्कं झालं असेल आणि हात बसलेला असेल तर ब्लॉक घरीही निघतो. खालचे बोल्ट तिरक्या क्रमाने सैल करा. ब्लॉक वर येत नसेल तर लाकडी तुकडा ठेवून हलक्या हाताने ठोका, पंखांवर नाही. सुटल्याबरोबर क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा.

ब्लॉक निघाल्यावर, फडकं क्षणभर काढून, क्रँक फिरवा. मोकळा फिरला तर दोष वर होता. अजूनही अडतोय किंवा करकरतोय, तर बेअरिंग. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवा, अजिबात खेळ नको. डावी-उजवीकडे थोडासा असतो, तो ठीक. रॉडच्या खालच्या टोकाला निळसर-जांभळट झाक असेल तर तो तापून गेलाय. क्रँककेस उलटी करून पेट्रोलने धुतली आणि ताटलीत बेअरिंगचे बारीक रोलर पडले, तर मग क्रँकसकट अख्खं काम निघालं. स्वस्तातल्या मशीनला तो खर्च करू नये असं माझं मत आहे.

ब्लॉकची भिंत नखाने बघा. ओरखड्यावरून आडवं नख फिरवलं आणि अडलं नाही, तर बऱ्याचदा पिस्टनचं ॲल्युमिनियम वरून चिकटलेलं असतं. बारीक, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हळूहळू ते निघतं आणि खालचं क्रोम (भिंतीवरचा कडक मुलामा) शाबूत राहतं. नख अडलं किंवा खाली वेगळ्या रंगाचा धातू दिसला तर क्रोम गेलं. या ब्लॉकला स्कूटरसारखं बोअर मारून चालत नाही, पूर्ण ब्लॉक-पिस्टन किटच घ्यावं लागतं.

नवा पिस्टन बसवताना माथ्यावरचा बाण बहुतेक मशीनमध्ये एक्झॉस्टकडे असतो. तरी जुना काढण्याआधीच खूण करून फोटो घ्या. रिंगांची टोकं पिस्टनवरच्या छोट्या पिनांवर बसतात. ती चुकली की ब्लॉक उतरताना रिंग तुटते. पिनची लॉकं जुनी परत वापरू नका.

फोर-स्ट्रोक आणि लॉन मॉवर

होंडाच्या जीएक्स३५ सारख्या छोट्या फोर-स्ट्रोक ग्रासकटरमध्ये पेट्रोलमध्ये तेल मिसळत नाहीत, तेल वेगळं असतं, आणि ते असतं फक्त १०० मिली. त्यातलं ३०-४० मिली कमी झालं तरी फरक पडतो. दोरी हलेना तर प्लग काढायच्या आधी तेल बघा. तेल नाही आणि इंजिन घट्ट, तर आत धातूवर धातू घासलाय. तेल दुधाळ असेल तर पाणी गेलंय. मशीन उलटी टांगून ठेवली असेल तर काही इंजिनांत तेल सिलिंडरमध्ये उतरून पहिल्या पायरीत सांगितला तसा अडथळा होतो, प्लग काढला की सुटतो.

लॉन मॉवरमध्ये क्रँक उभी असते आणि सहसा पातं थेट क्रँकवर बसवलेलं असतं, मध्ये क्लच नाही. म्हणून पात्याखाली दाबून बसलेलं ओलं गवत किंवा दोरीचा तुकडा सरळ इंजिन अडवतो. प्लगची टोपी काढून डेकखाली बघणं हीच तिथली पहिली पायरी. बऱ्याच मॉवरना हँडलवर एक दांडी असते. ती हँडलला दाबून धरली नाही तर मॅग्नेटवर ब्रेक बसतो आणि दोरी घट्ट लागते. नवीन माणूस हमखास इथे फसतो. मॉवर तिरका करायचाच तर कार्बोरेटर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला येतील असा करा, नाहीतर तेल तिकडे शिरतं. पातं दगडावर जोरात बसल्यावर क्रँक वाकते. पातं हाताने फिरवताना त्याचं टोक डेकपासून कधी जवळ कधी लांब जात असेल, तर पातं किंवा क्रँक यातलं एक वाकलंय. पातं बदलूनही तसंच, तर क्रँक, आणि मग घरी काही करण्यासारखं उरत नाही.

जोडल्यावर पहिल्यांदा चालवताना

कारण सापडलं नसेल तर नवं किट बसवून मशीन चालू करू नका. तडकलेली नळी तशीच ठेवून घातलेला नवा पिस्टन जुन्यासारखाच जाईल. पेट्रोलच्या नळ्या, फिल्टर आणि कार्बोरेटरमागची पॅकिंग या वेळीच बदला, त्यांची किंमत किटच्या मानाने किरकोळ असते.

दुकानात मशीन द्यायची झाली तर तुम्ही काढलेले फोटो दाखवा आणि जुने भाग परत मागून घ्या. किटसह दुरुस्ती नव्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल, आणि क्रँकचं बेअरिंगही करकरत असेल, तर मी नवीन घेईन आणि जुनीचा स्टार्टर, कॉइल, कार्बोरेटर सुट्या भागांसाठी ठेवीन.

बसवून झाल्यावर प्लग लावून दोरीला धरून मशीन जमिनीपासून अलगद उचलून बघा. दाब चांगला असेल तर ती दोरीवर थोडा वेळ तरी लटकते; सरसर खाली आली तर रिंगा किंवा पॅकिंग पुन्हा तपासा. मग पातं न लावता, ताज्या मिश्रणावर, मंद आणि मध्यम वेगात आलटून पालटून चालवा, मधून मधून गार होऊ द्या. पहिल्या दोन टाक्या पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नका. पहिली टाकी संपली की सायलेन्सरचे, कार्बोरेटरचे आणि ब्लॉकचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या, कारण गरम-गार होताना ते हटकून ढिले पडतात.